तिशीतले मुरुम आणि दोन महिन्यांचा हिशेब

हनुवटीवर आज सकाळी दिसलेला मुरुम रातोरात उगवलेला नसतो. त्याची तयारी त्वचेच्या आत कित्येक आठवडे, बऱ्याचदा दोन महिन्यांपासून चाललेली असते. एवढी एक गोष्ट नीट कळली, तरी पंचविशी-तिशीनंतरही पिच्छा न सोडणाऱ्या मुरुमांवर आपण जे उपाय करतो, त्यातले बरेचसे बदलतात. काल खाल्लेल्या पदार्थावर खापर फोडणं थांबतं, आणि पंधरा दिवसांत गुण आला नाही म्हणून चांगलं औषध सोडून देणंही.

त्वचेवरचा प्रत्येक बारीक केस एका नळीतून वर येतो आणि त्या नळीला तेल स्रवणारी ग्रंथी जोडलेली असते. नळीच्या अस्तरातल्या मृत पेशी एरवी सुट्या होऊन तेलाबरोबर बाहेर पडतात. मुरुम येणाऱ्या त्वचेत त्या एकमेकींना चिकटून राहतात, नळीचं तोंड बुजतं आणि मागे तेल साचत जातं. हा पहिला अडथळा इतका सूक्ष्म असतो, की आरशात दिसतही नाही. साचलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू वाढतो. तो जवळपास सगळ्यांच्याच त्वचेवर राहतो. अस्वच्छतेशी त्याचा संबंध नाही. शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्याविरुद्ध उठते, दाह वाढतो आणि मग कुठे लाल, दुखरी पुटकुळी वर येते. ब्लॅकहेडचा काळा रंगही मळाचा नसतो, तो मुख्यतः त्वचेतल्याच मेलॅनिन या रंगद्रव्याचा असतो.

म्हणून ‘चेहरा नीट धूत जा’ हा सल्ला मला अन्यायकारक वाटतो. तो ऐकून माणसं दिवसातून पाच-पाच वेळा साबण लावतात, स्क्रबने त्वचा घासतात. निरोगी त्वचेचा सामू (pH) पाचच्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. नेहमीच्या साबणाचा नऊ-दहा असतो. वारंवार साबण लावल्याने त्वचेचं संरक्षक आवरण विस्कटतं, आतलं पाणी उडून जातं, त्वचा चुरचुरू लागते आणि मग मुरुमांवरचं खरं औषध तिला सोसतच नाही. सौम्य क्लेन्झरने दोनदा चेहरा धुणं पुरेसं आहे. तेलकट त्वचेलाही मॉइश्चरायझर लागतं, फक्त ते रंध्रं न बुजवणारं हवं.

मुरुम कुणाला येणार, यात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे. ब्रिटनमध्ये जुळ्या बहिणींवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो सुमारे ८१ टक्के निघाला. मोठ्या वयातले मुरुम स्त्रियांमध्ये जास्त दिसतात, विशेषतः हनुवटी आणि जबड्याच्या कडेने, आणि पाळीच्या आधी ते वाढतात. यामागे अँड्रोजन गटातली, म्हणजे ‘पुरुषी’ समजली जाणारी पण स्त्रियांतही असणारी संप्रेरकं असतात. पण रक्ततपासणीत बहुतेकींची संप्रेरकं ठीकच निघतात. तैलग्रंथी स्वतःच टेस्टोस्टेरॉन या अँड्रोजनचं अधिक प्रभावी रूप तयार करते आणि काहींच्या ग्रंथी त्याला जास्त दाद देतात. मात्र पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर राठ केस येत असतील किंवा डोक्यावरचे केस विरळ होत असतील, तर पीसीओएसची (अंडाशय आणि संप्रेरकांशी संबंधित विकाराची) तपासणी करून घ्यायलाच हवी.

आहाराचा संबंध आहे, पण तळलेल्या एखाद्या पदार्थापुरता नाही. ऑस्ट्रेलियात तरुण मुलांवर झालेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रक्तातली साखर झपाट्याने न वाढवणारा आहार १२ आठवडे घेतलेल्या गटाचे मुरुम दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाले. साखर उसळली की इन्सुलिन वाढतं आणि त्याच्या पाठोपाठ तेलाची निर्मितीही. दुधाबद्दलचा पुरावा यापेक्षा कच्चा आहे.

उपचारांत पाया रेटिनॉइडचा, म्हणजे अ जीवनसत्त्वाशी नातं असलेल्या औषधांच्या मलमाचा, उदाहरणार्थ ॲडापॅलीनचा. नळीतल्या पेशींचं चिकटणं ते रोखतं, म्हणजे घाव मुळावरच बसतो. त्यामुळे ते दिसणाऱ्या मुरुमावर टिपक्यासारखं न लावता मुरुम येणाऱ्या संपूर्ण भागावर, रात्री, वाटाण्याएवढंच लावायचं. पहिले काही आठवडे त्वचा कोरडी पडते, कधी मुरुम वाढल्यासारखेही वाटतात. नेमक्या याच टप्प्यावर बहुतेक लोक ते सोडतात, याचं मला वाईट वाटतं. सुरुवातीला एक दिवसाआड लावलं तर हा काळ सुसह्य होतो. खरा फरक जोखायला किमान १२ आठवडे द्यावे लागतात. गरोदरपणात मात्र रेटिनॉइड टाळतात. तेव्हा ॲझेलेइक ॲसिड हा सुरक्षित पर्याय असतो.

जिवाणूंसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड उत्तम. जिवाणू त्याला सरावत नाहीत, आणि अडीच टक्क्यांचं जेलही दहा टक्क्यांइतकंच काम करतं, आग मात्र कमी होते. त्याने उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, एवढं लक्षात ठेवावं. अँटिबायोटिक मलम एकटं कधीच वापरू नये, जिवाणू त्याला पुरून उरतात. स्टेरॉइड असलेलं ‘गोरेपणाचं’ क्रीम तर मुरुमांना आमंत्रणच देतं.

स्त्रियांसाठी स्पायरोनोलॅक्टोन हे अँड्रोजनचा परिणाम अडवणारं औषध डॉक्टर देऊ शकतात, अर्थात गरोदरपणात नाही. ब्रिटनमध्ये ४१० स्त्रियांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२ आठवड्यांनी दिसलेला फायदा लहान होता, २४ आठवड्यांनी तो वाढलेला आढळला.

मुरुम गेल्यावर उरणारे काळे डाग, विशेषतः सावळ्या त्वचेवर, कित्येक महिने रेंगाळतात. उन्हाने ते आणखी गडद होतात, म्हणून सनस्क्रीन हा उपचाराचाच भाग आहे. डाग हळूहळू फिके होतात, खड्डे मात्र आपोआप भरून येत नाहीत. खोल, दुखऱ्या गाठी येत असतील किंवा खड्डे पडायला लागले असतील, तर मलमांचे प्रयोग करत न बसता थेट त्वचारोगतज्ज्ञांना गाठावं. अशा वेळी १९८२ पासून वापरात असलेलं आयसोट्रेटिनॉइन हे पोटात घ्यायचं औषध फार गुणकारी ठरतं. त्याने गर्भात गंभीर व्यंग निर्माण होऊ शकतं, त्यामुळे ते घेताना आणि बंद केल्यावरही किमान महिनाभर गर्भधारणा होणार नाही याची पक्की काळजी घ्यावी लागते.