आमखास मैदान

आमखास मैदान : छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहराच्या जुन्या भागातील मोकळे मैदान. किलेअर्क (औरंगजेबाचा किल्लेवजा राजवाडा) व जामा मशीद यांच्या परिसरात ते येते. शहरातील फुटबॉलचे नाव बव्हंशी याच मैदानाशी जोडलेले आहे. सभा, मेळावे आणि प्रदर्शनेही येथे भरतात. इंडियन सुपर लीग ही व्यावसायिक फुटबॉल स्पर्धा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रातून मुंबई व पुणे येथील संघ उतरले, मराठवाड्यातून एकही नाही. त्यामुळे एखाद्या व्यावसायिक क्लबचे स्वतःचे स्टेडियम आणि त्याला लागून सरावाचे संकुल हा प्रकार या विभागात आढळत नाही. ते काम मैदानच करते. सकाळ-संध्याकाळ सराव आणि स्पर्धेच्या दिवसांत सामने, दोन्ही एकाच जमिनीवर.

नावाची व्युत्पत्ती : ‘आम’ (सर्वसाधारण) व ‘खास’ (विशेष) हे दोन्ही शब्द मूळ अरबी असून फार्सीमार्गे दख्खनी व मराठीत आले. मराठीत ही जोडी आमदार-खासदारांच्या रूपाने रोज कानावर पडते. मैदानाच्या नावाचा उगम मात्र दोन-तीन प्रकारे सांगितला जातो. दिवाण-इ-आम व दिवाण-इ-खास अशा दोन स्वतंत्र वास्तू येथे होत्या आणि त्यांची नावे एकत्र होऊन ‘आमखास’ झाले, हे मत सर्वाधिक प्रचलित आहे. सामान्य व विशेष अशा सर्वांना खुली असलेली जागा, हा दुसरा अर्थ. पंजाबातील सरहिंद येथील ‘आमखास बाग’ या नावाचा उलगडाही बहुधा असाच केला जातो.

तिसरे मत मोगल दरबाराच्या परिभाषेवर आधारलेले आहे. फ्रेंच प्रवासी बर्निए औरंगजेबाच्या कारकिर्दीच्या प्रारंभी दिल्लीत होता. तेथील किल्ल्याचे वर्णन करताना तो ‘आमखास’ हे एकाच जागेचे नाव म्हणून वापरतो, आणि त्यात केवळ दरबाराचा दिवाणखाना नव्हे, तर त्यापुढचे कमानींनी वेढलेले मोठे चौकोनी पटांगणही धरतो. निझामाच्या राज्यातील औरंगाबाद जिल्ह्याच्या १८८४ च्या गॅझेटिअरमध्ये किलेअर्कच्या वर्णनात आमखास म्हणजे दरबारगृह असा उल्लेख येतो. हे दोन उल्लेख शेजारी ठेवले असता दोन वास्तूंची नावे जुळवण्याची गरज उरत नाही. आमखास हे दरबाराच्या जागेचेच नाव असावे. वास्तू गेली, पटांगण राहिले आणि नाव पटांगणाला चिकटले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

परिसर : निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० च्या सुमारास खडकी हे नगर, म्हणजे आजचे हेच शहर, वसवले. जामा मशीद त्याच्याच काळातली (१६१२). तिच्या दर्शनी भागातील नऊ कमानींपैकी पाच मलिक अंबरच्या व चार औरंगजेबाने वाढवलेल्या, असे सांगितले जाते. शहराभोवतीचा तट १६८० नंतरचा. किलेअर्कचे बांधकाम सामान्यतः १६९२ च्या आसपासचे मानतात. दिल्ली दरवाजा ते मक्का दरवाजा यांमधील बरीचशी जमीन त्याने व्यापली होती. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर (१७०७) शहराचे राजकीय महत्त्व टप्प्याटप्प्याने ओसरले आणि निझामाची राजधानी हैदराबादला गेल्यावर राजवाड्याची रया गेली.

फुटबॉलचा प्रवेश : या भागात फुटबॉल कोणत्या वाटेने आला, याविषयी दोन अनुमाने करता येतात. एक लष्करी. हैदराबाद कंटिंजंटची (निझामाच्या खर्चाने ठेवलेल्या, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेची) ठाणी एकोणिसाव्या शतकात औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद (अंबाजोगाई) येथे होती, आणि हिंदुस्थानात इतरत्र हा खेळ मुख्यतः छावण्यांतूनच पसरला. दुसरे हैदराबादचे. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निझामाच्या राज्यात व १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. शाळा, पोलीस आणि नोकऱ्या यांचे धागे त्याच शहराशी जोडलेले होते. त्या काळी हैदराबादचे फुटबॉल देशात आघाडीवर होते. हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईतील रोव्हर्स चषक ही फुटबॉल स्पर्धा जिंकली. संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हेच पुढे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथ्या आलेल्या आणि १९६२ मध्ये आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे प्रशिक्षक होते. छावणीने चेंडू आणला असेल, पण जुन्या शहराच्या मोहल्ल्यांत तो रुजण्यामागे हैदराबादचे वजन अधिक असावे.

आखणी : नियमानुसार फुटबॉलच्या मैदानाची लांबी ९० ते १२० मी. व रुंदी ४५ ते ९० मी. चालते, आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी ती अनुक्रमे १०० ते ११० व ६४ ते ७५ मी. लागते. लांब बाजू शक्यतो दक्षिणोत्तर ठेवतात, म्हणजे संध्याकाळचे ऊन एकाच गोलरक्षकाच्या डोळ्यांवर येत नाही. मीटरमधली ही मापे अवघड वाटतात, कारण मुळात ती वारांत ठरली : गोलची रुंदी ८ वार (७.३२ मी.), मधले वर्तुळ १० वार त्रिज्येचे (९.१५ मी.), पेनल्टीची जागा १२ वारांवर (११ मी.), पेनल्टी क्षेत्र १८ वार खोल (१६.५ मी.). गोलचे ८ वार १८६३ च्या पहिल्या इंग्रजी नियमावलीपासून तसेच आहेत. हा वार म्हणजे लुगड्याचाच. नऊवारी उलगडली तर गोलच्या दोन्ही खांबांना पुरून वारभर उरेल.

कायमस्वरूपी स्टेडियममध्ये रेषा एकदा ठरल्या की त्या खुणांवरच गिरवल्या जातात. सर्वांच्या मैदानावर मात्र प्रत्येक स्पर्धेपूर्वी आखणी नव्याने करावी लागते. कोपऱ्याचा काटकोन ३-४-५ च्या त्रिकोणाने काढतात : एका रेषेवर ३ मीटरवर खुंटी, दुसरीवर ४ मीटरवर, आणि त्या दोहोंमधली दोरी बरोबर ५ मीटर भरली पाहिजे. त्रिकोण लहान असेल तर बोटभर चूक पलीकडच्या टोकाला हातभर होते, म्हणून जाणकार ६-८-१० घेतात. ताळा कर्णांचा. १०० × ६४ मीटरच्या मैदानाचे दोन्ही कर्ण सुमारे ११८.७ मी. भरले नाहीत तर चौकोन तिरका आहे. सुतळी ताणली की लांबते, म्हणून मापाला टेप आणि सरळ रेषेला सुतळी अशी विभागणी करतात. मग सुतळीच्या कडेने फक्की सोडत जायचे. वर्तुळासाठी मध्यबिंदूवर खुंटी ठोकून ९.१५ मीटरच्या दोरीचे दुसरे टोक धरून एकाने फिरायचे. दोरी सैल पडली की वर्तुळाला पोट सुटते.

जमीन : मराठवाड्याची काळी कापसाची माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, कारण तिच्यातील चिकणमाती पाणी धरून ठेवते. अशा जमिनीवर मैदान करायचे तर काळी माती काढून मुरूम भरणे, रोलर फिरवणे आणि मधोमध किंचित उंचवटा ठेवून पाणी कडेला काढणे हे ओघाने आले. हिरवळीसाठी हरळी सर्वांत चिवट, पण उन्हाळ्यात तिला पाणी हवे. टँकरच्या दिवसांत मैदानाचा नंबर शेवटचा. त्यामुळे पडल्यावर गुडघे फोडणारी कडक मुरमाड जमीन हाच येथील खेळाडूंचा सराव, आणि चेंडूची उसळीही त्याच हिशेबाने शिकली जाते. ज्या मैदानांवर सभा होतात तेथे मंडप निघाल्यावर खांबांचे खड्डे व खिळे मागे राहतात. सरावाआधी मुलांनी एका ओळीत चालत जमीन पाहून घेण्याची पद्धत त्यातूनच आलेली आहे.

इतर सोयी : शहरात गारखेडा येथे विभागीय क्रीडा संकुल आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. नांदेड येथे गुरू गोविंदसिंग यांच्या नावाचे स्टेडियम असून, त्यांच्याच नावाने तेथे भरणारी अखिल भारतीय सुवर्ण-रौप्य चषक स्पर्धा हॉकीची आहे.