संग्रहालयात नोकरी म्हणजे नुसती खुर्ची?

“संग्रहालयात लागायचं तर इतिहासात एम.ए. पाहिजे, आणि लागलं की खुर्चीत बसून दिवस मोजायचे.” साताऱ्यात चहाच्या गाड्यावर हे वर्षानुवर्षं ऐकतोय. दोन्ही चूक.

पदवी लागते अभिरक्षकाला, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला (क्युरेटर). परिचर, पहारेकरी या पदांना सहसा दहावी पुरते. मराठी नीट लिहिता-वाचता यायला हवं. सरकारी भरती जाहिरात काढून होते. तेव्हा ‘साहेबांना भेटवतो’ म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका.

आणि बसायचं म्हणाल, तर जुलै २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं आली तेव्हाची शिवाजी संग्रहालयातली गर्दी आठवा. एरवीही दालन उघडलं की आधी कुलपं तपासायची, मग वस्तू मोजायच्या. पावसाळ्यात काचेच्या कपाटातल्या, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलवर नजर ठेवायची: निळे दाणे गुलाबी झाले की ओल शिरली समजायचं आणि लगेच वर कळवायचं. उघड्यावरच्या तोफेला हात लावणाऱ्यांना तर दिवसातून किती वेळा टोकावं लागतं, विचारू नका. घामातल्या मिठाने लोखंड गंजतं. पोरं ऐकतात हो, मोठी माणसंच ऐकत नाहीत.