जो सी: ऑफिसात बसणाऱ्या माणसावर ओक्लाहोमाचा एवढा जीव का?

जुलै २०२५ मध्ये जो कॅस्टिग्लिओन यांनी ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टर पदावरून निवृत्त होणार असं जाहीर केलं, आणि सूनर्सचे, म्हणजे तिथल्या टीम्सचे, फॅन्स ज्या मायेने त्यांच्याबद्दल बोलायला लागले ते बघून माझ्या पुण्यातल्या मित्रांनी विचारलं की हा कोण रे, कोच का प्लेअर? दोन्ही नाही. ही युनिव्हर्सिटी ज्या गावात आहे त्या नॉर्मनला मी एमएस केलंय, तिथे त्यांना सगळे नुसतं 'जो सी' म्हणतात. हा जीव कुठून आला ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

आधी हे पद काय ते सांगतो. आपल्या कॉलेजात जिमखान्याचे सर असतात ना, टीम निवडणं, मॅचला घेऊन जाणं, सर्टिफिकेटवर सही, तेवढ्यावर हे थांबत नाही. अमेरिकेत मोठ्या युनिव्हर्सिटीचा अ‍ॅथलेटिक डायरेक्टर म्हणजे वीसएक खेळांचा कारभारी. कोच कोण आणायचा, कोणाला काढायचं, स्टेडियम कसं बांधायचं, देणगीदार कसे जोडायचे हे सगळं त्याच्याकडे, आणि बहुतेक ठिकाणी फुटबॉलच्या (आपला नव्हे, बॉल हातात घेऊन पळायचा अमेरिकन फुटबॉल) कमाईवर बाकीचे खेळ जगतात. त्यामुळे फुटबॉल बसला की सगळंच बसतं.

आणि ९०च्या दशकात ओक्लाहोमाचा फुटबॉल पार बसला होता. हे तेच गाव जिथे कोच बड विल्किन्सनच्या टीमने १९५३ ते १९५७ सलग ४७ मॅचेस जिंकल्या, तो रेकॉर्ड अजून कोणाला मोडता आलेला नाही, आणि मग पुढचा कोच बॅरी स्विट्झरने १९७४, १९७५ आणि १९८५ अशा तीन नॅशनल चॅम्पियनशिप आणल्या. पण १९८८च्या शेवटी नियम मोडल्याबद्दल टीमवर कारवाई झाली, पुढच्या वर्षी स्विट्झर गेला, आणि तिथून उतरण लागली. त्याच्या जागी आलेला गॅरी गिब्स १९९४ला गेला, हॉवर्ड श्नेलेनबर्गर एकच सीझन टिकला, मग जॉन ब्लेक आला, तीन वर्षांत १२ विजय आणि २२ पराभव. ज्या गावात शनिवारची मॅच म्हणजे सण, तिथे लोकांचा विश्वासच उडाला होता.

अशा वेळी, १९९८ मध्ये, युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट डेव्हिड बोरेन यांनी मिसुरीहून जो सींना आणलं. चाळिशीचा माणूस, मूळचा फ्लोरिडाचा, ओक्लाहोमाशी काही नातं नाही. सीझन संपल्यावर त्यांनी ब्लेकला काढलं आणि बॉब स्टूप्सला आणलं, जो तोवर कुठेच हेड कोच नव्हता, फ्लोरिडा युनिव्हर्सिटीच्या टीमचा डिफेन्स सांभाळायचा, वय ३८. स्टूप्स आयोवाचा माजी खेळाडू, त्याच सुमाराला आयोवा युनिव्हर्सिटीलाही तो हवा होता, त्यामुळे इथे जरा उशीर झाला असता तर सगळा इतिहासच वेगळा झाला असता असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्याच वर्षी, म्हणजे २०००च्या ऑक्टोबरमध्ये, टेक्सासला ६३-१४, मग कॅन्सस स्टेटला त्यांच्या घरी ४१-३१, आणि २८ तारखेला पहिल्या नंबरची नेब्रास्का नॉर्मनला आली, १४-० पुढे गेली, आणि त्यानंतर ओक्लाहोमाने एकही पॉइंट न देता ३१ केले. त्या मॅचबद्दल बोलताना तिथले म्हातारे लोक अजून खुर्चीच्या कडेला येऊन बसतात. सीझन १३-० (तेरा विजय, पराभव एकही नाही), ऑरेंज बोल नावाच्या शेवटच्या मॅचमध्ये फ्लोरिडा स्टेटला १३-२ हरवून १५ वर्षांनी चॅम्पियनशिप. (इथे ब्लेकचंही नाव घ्यायला हवं, त्या टीममधली बरीच पोरं त्यानेच शोधून आणलेली.) १९९९ पासून घरची प्रत्येक मॅच हाउसफुल. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका बाजूचा स्टँड 'बूमर' ओरडला आणि समोरचा 'सूनर', आणि छातीत अक्षरशः धडधडलं.

पण फॅन्सचा जीव नुसता फुटबॉलमुळे नाही, आणि मला तर सॉफ्टबॉलची गोष्ट जास्त जवळची वाटते. कोच पॅटी गॅसो जो सींच्या आधीच आलेली, त्यामुळे तिला शोधायचं श्रेय त्यांचं नाही, पण तिला जपायचं नक्की आहे. सुरुवातीला तिची टीम गावातल्या सार्वजनिक बागेतल्या मैदानावर, रीव्ह्ज पार्कवर खेळायची. १९९८ला स्वतःचं ग्राउंड मिळालं, २०००ला पहिली चॅम्पियनशिप, आणि मग त्या जिंकतच गेल्या, २०२१ ते २०२४ सलग चार धरून एकूण आठ. जुन्या ग्राउंडवर दीड हजार माणसंही बसायची नाहीत, तिकीट मिळणं म्हणजे नशीब. मार्च २०२४ मध्ये ४,२०० सीटांचं लव्हज फील्ड उघडलं, आणि गंमत म्हणजे पहिल्याच वीकेंडला टीमची ७१ मॅचेसची विजयी मालिका तिथेच तुटली, तरी पुढे चॅम्पियनशिप आणलीच. मुलींच्या खेळासाठी एवढं मोठं स्टेडियम उभं राहतं तेव्हा मागे कोणीतरी वर्षानुवर्षं देणगीदारांच्या दारात जाऊन बसलेलं असतं.

नाराजीही झाली हो. २०१४ मध्ये एका फुटबॉल खेळाडूने एका तरुणीला मारलं आणि त्याला एका सीझनच्या सस्पेन्शननंतर परत घेतलं, ते अनेकांना पटलं नाही, मलाही नाही.

सगळ्यात कठीण दिवस २८ नोव्हेंबर २०२१. आदल्या दिवशी ओक्लाहोमा स्टेटकडून हरलेलो, आणि रविवारी बातमी आली की हेड कोच लिंकन रायली यूएससीला, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीला चालला. लोक सुन्न. निवृत्त झालेला स्टूप्स बोलावल्याबरोबर परत आला, सीझनच्या शेवटच्या मॅचला, अलामो बोलमध्ये, ओरेगॉनला ४७-३२ हरवलं, आणि रायली गेल्यापासून आठवड्याभरातच जो सींनी स्टूप्सचाच जुना सहकारी ब्रेंट व्हेनेबल्सला आणलं. नॉर्मनच्या छोट्याशा विमानतळावर रात्री हजारो माणसं, लहान पोरं खांद्यावर घेऊन, त्याचं विमान उतरायची वाट बघत उभी होती.

पाच वर्षांत तीन कोच गेलेल्या गावात जो सींनी २७ वर्षांत फुटबॉलचे कायमचे कोच नेमले फक्त तीन, स्टूप्स, रायली, व्हेनेबल्स. व्हेनेबल्सचा २०२२चा सीझन ६-७ गेला, २०२४चाही ६-७, तेव्हा हाकला म्हणणारे भरपूर होते, पण जो सींनी हाकललं नाही. मधल्या काळात २०२४च्या १ जुलैला युनिव्हर्सिटी बिग ट्वेल्व हा युनिव्हर्सिट्यांचा गट (लीग) सोडून एसईसी या दुसऱ्या गटात गेली, आणि त्यानंतर वर्षभराने त्यांनी निवृत्ती जाहीर केली. त्यांच्या पहिल्या सीझनला जन्मलेली पोरं आता स्वतःची पोरं घेऊन मॅचला येतात, आणि त्यातल्या कित्येकांना ओक्लाहोमाचा दुसरा कोणी अ‍ॅथलेटिक डायरेक्टर असू शकतो हेच तोवर माहीत नव्हतं.