तळपायांची आग आणि ब-६ जीवनसत्त्व
"टीबीच्या गोळ्या फार उष्ण पडतात" असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. बोटांना मुंग्या आल्या, तळपाय जळजळू लागले, की काशाच्या वाटीने तूप चोळायचं, गुलकंद खायचा. काही जण तर गोळ्याच बंद करतात. तूप चोळून घटकाभर बरं वाटेलही, पण या आगीचा उष्णतेशी संबंध नाही. बरेचदा ती ब-६ जीवनसत्त्व कमी पडल्याची खूण असते, आणि हे जीवनसत्त्व अडवून धरणारं औषध म्हणजे आयसोनियाझिड. १९५२ पासून ते क्षयरोगावर वापरात आहे आणि आजही त्याच्याशिवाय पान हलत नाही.

ब-६ शरीरात पायरिडॉक्सल फॉस्फेट या रूपात काम करतं. शंभराहून जास्त विकरांना (एन्झाइमांना) ते लागतं. मेंदू आणि मज्जातंतूंमधले संदेशवाहक रेणू तयार करणारी विकरंही त्यात आली. त्याची सगळी करामत एका टोकाला असते. तिथे कार्बन आणि ऑक्सिजनची जोडी आहे, तिला अल्डिहाइड गट म्हणतात. अमिनो आम्लाचा नायट्रोजन याच टोकाला धरतो आणि पुढची अभिक्रिया सुरू होते. आयसोनियाझिडच्या शेपटालाही एक मोकळा नायट्रोजन आहे, हायड्रॅझिन गटातला. तोही त्याच अल्डिहाइडला जाऊन चिकटतो, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि हायड्रॅझोन बनतं. ब-६ कामातून गेलं, उरलेलं लघवीवाटे बाहेर!

आता यकृताचा उपाय पाहा. तिथलं नॅट-२ हे विकर नेमक्या त्याच मोकळ्या नायट्रोजनवर असिटिल गट बसवतं, जणू बाटलीला बूच. मग औषधाला ब-६ पकडता येत नाही आणि जंतूही मारता येत नाहीत. हे बूच किती झपाट्याने बसतं ते आठव्या गुणसूत्रावरचा एक जनुक ठरवतो. १९६० साली पन्नासहून अधिक कुटुंबांना आयसोनियाझिड देऊन सहा तासांनी रक्तातलं प्रमाण मोजलं, तेव्हा माणसांचे सरळ दोन गट पडले: बूच झपाट्याने बसवणारे जलद आणि सावकाश बसवणारे मंद. आईवडील दोघांकडूनही मंद जनुक आला तर औषध शरीरात दुप्पट-तिप्पट वेळ रेंगाळतं. जपानमध्ये असे मंद लोक दहात एखादाच. भारतात निम्म्याहून जास्त. मद्रासच्या क्षयरोग केंद्रातल्या अभ्यासांत दिसलं की आठवड्यातून एकदाच औषध दिलं तर जलद गटाचे रुग्ण मागे पडतात. रोज दिलं तर हा फरक जाणवत नाही.

म्हणजे एकाच वॉर्डात, एकाच मात्रेवर, शेजारच्या खाटेवरच्या जलद गटातल्या माणसाला काही होत नाही आणि आपण मंद गटातले असलो तर आपले पाय जळतात. त्यात मधुमेह, दारू, गरोदरपण किंवा कुपोषण असेल तर धोका वाढतो.

उपाय स्वस्त आहे: रोज साधारण १० मिलिग्रॅम पायरिडॉक्सिन, म्हणजेच ब-६. त्रास सुरू झालेला असेल तर डॉक्टर मात्रा वाढवतात. आयसोनियाझिडच्या अतिमात्रेने झटके आले तर हेच जीवनसत्त्व शिरेतून उतारा म्हणून देतात. पण "जीवनसत्त्वच तर आहे, जास्त घेतलं म्हणून काय बिघडलं" ही जाहिरातींनी पसरवलेली समजूत इथे महागात पडते. शेकडो मिलिग्रॅम ब-६ महिनोन् महिने घेतलं तर त्यानेच मज्जातंतूंना इजा होते, आणि लक्षणं तीच: मुंग्या, बधिरपणा, तळपायांची आग.