गोवर-रुबेला लसीचे दोन डोस : पात्रता, नोंदणी आणि कागदपत्रे

गोवर-रुबेलाचा पहिला डोस बहुतेक घरांत होतो. राहतो तो दुसरा. नवव्या महिन्यातल्या लसींनंतर थेट सोळाव्या महिन्यापर्यंत इंजेक्शनची तारीख नसते. कार्ड कपाटात जाते आणि लसी संपल्या असा घरच्यांचा समज होतो. पण पहिल्या डोसनंतर साधारण १५ टक्के मुलांत पुरेशी प्रतिकारशक्ती तयारच होत नाही. गोवराची साथ आली की हीच मुले सापडतात, म्हणून दुसरा डोस हवाच.

कोणाला मिळते?
पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, १२ महिन्यांच्या आत. दुसरा १६ ते २४ महिन्यांत. वेळ टळली तरी ५ वर्षांपर्यंत लस मोफत मिळते. दोन्ही डोस राहिले असतील तर मध्ये किमान ४ आठवडे जाऊ द्यावे लागतात. उत्पन्नाची, रेशनकार्डाची किंवा रहिवासाची अट नाही. ऊसतोड, वीटभट्टी किंवा बांधकामासाठी गाव सोडलेल्या कुटुंबांनी जिथे मुक्काम आहे तिथल्याच उपकेंद्रात जावे, गावी परतण्याची वाट पाहू नये.

साथीच्या भागात ६ ते ९ महिन्यांच्या बाळांना जादा डोस देतात; मुंबईत २०२२ च्या अखेरीस तो दिला गेला. हा डोस हिशेबात धरत नाहीत. नियमित दोन्ही डोस त्यानंतरही घ्यायचेच.

कागदपत्रे
मुख्य कागद एकच : गरोदरपणात मिळालेले माता व बाल संरक्षण कार्ड. सोबत पालकाचा मोबाइल आणि असल्यास ओळखपत्र न्यावे. यू-विन या सरकारी लसीकरण पोर्टलवरची नोंदणी मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने होते. पोर्टलवर पालकांना घरूनही नोंदणी करता येते, पण ती नसली तरी थेट केंद्रावर गेलेले चालते. बाळाचे आधार अजून काढले नाही म्हणून लस लांबवू नका.

कार्ड हरवले तर आशाताईंना किंवा सिस्टरना सांगा. कार्डाची स्थळप्रत उपकेंद्रात ठेवलेली असते, शिवाय रजिस्टरमध्ये नोंद असते. त्यावरून नवे कार्ड भरून मिळते. नोंद कुठेच सापडली नाही तर डोस झालाच नाही असे धरून लस घ्यावी. एखादा डोस जास्त झाल्याने अपाय होत नाही.

केंद्रावर
लसीकरण सत्राचा वार आशाताईंकडून विचारून घ्या. ही लस भुकटीच्या रूपात येते, द्रावणात मिसळल्यावर ४ तासांच्या आत वापरावी लागते आणि उरलेली टाकून द्यावी लागते. एका कुपीत अनेक डोस असतात. म्हणून भलत्याच दिवशी गेलात तर "सत्राला या" असे सांगतात. तसे झाले तर पुढची तारीख लगेच कार्डावर लिहून घ्या.

उजव्या दंडावर ०.५ मिली लस त्वचेखाली देतात. पहिल्या डोसबरोबर 'अ' जीवनसत्त्वाचे १ मिली, दुसऱ्याबरोबर २ मिली तोंडावाटे मिळते. त्यानंतर अर्धा तास तिथेच थांबावे.

सर्दी, हलका ताप, जुलाब किंवा कुपोषण यांमुळे लस टाळायची नसते. कुपोषित मुलाला गोवर अधिक घातक ठरतो. आधीच्या डोसनंतर तीव्र ॲलर्जी आली असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारे औषध किंवा आजार असेल, किंवा नुकतेच रक्त दिले गेले असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे.

ताप त्याच रात्री न येता ५ ते १२ दिवसांनी येऊ शकतो, कधी बारीक पुरळही उठते. दोन-तीन दिवसांत ते ओसरते. झटका आला किंवा मूल मलूल पडले तर लगेच आरोग्य केंद्र गाठावे.

खासगी दवाखान्यात घेतली असेल तर
तिथे बहुधा एमएमआर देतात. त्यात गालगुंडाचीही लस असते, जी सरकारी डोसमध्ये नाही. कांजिण्यांची लसही सरकारी वेळापत्रकात नाही, ती विकत घ्यावी लागते. खासगी डोसची तारीख आणि शिक्का असलेला कागद सिस्टरना दाखवून रजिस्टरमध्ये नोंद करून घ्या, नाहीतर राहिलेल्या मुलांच्या यादीत तुमच्या मुलाचे नाव येत राहते.