पन्हाळ्याच्या उतारावरची शीळ

पन्हाळ्याहून उतरताना वाघबीळच्या अलीकडे ब्रेकवर पाय पडला, की मामांची जुनी ट्रायम्फ स्पिटफायर मोटार कर्णकर्कश शीळ घालायची. गाडी थांबायची बरोबर, एका बाजूला ओढायची नाही, पेडलही घट्ट. फक्त तो आवाज. मामांनी नवे पॅड घातले, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी दाबून घासणारे ठोकळे. चार दिवस बरे गेले आणि पाचव्या दिवशी शीळ परत आली. शेवटी उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी चाक काढून आत नजर टाकली आणि म्हणाले, "काका, पॅड झकास हायत. त्यांच्या मागच्या पत्र्या कुठं गेल्या?"

त्या पत्र्या आधीच्या कुणीतरी बिनकामाच्या समजून टाकून दिल्या होत्या. पॅडची पोलादी पाठ आणि कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर आवळणाऱ्या चिमट्याचा, पिस्टन यांच्यामध्ये बसणाऱ्या या पातळ पत्र्यांना शिम म्हणतात. त्या नसल्या तरी गाडी थांबतेच, म्हणून त्यांची किंमत कळत नाही. ती कळायला आधी सारंगीकडे जावं लागतं, आणि अल्लादिया खाँसाहेबांच्या कोल्हापुरात ते काही लांब नाही.

राळ लावलेला गज तारेवर ओढला की तार गजाला चिकटून थोडी पुढे जाते, ताण वाढला की निसटून मागे येते, पुन्हा चिकटते. सेकंदाला शेकडो वेळा हे घडतं, कारण चिकटलेलं असतानाचं घर्षण सरकतानाच्या घर्षणापेक्षा जास्त असतं. गजाने वाजणाऱ्या तारांची ही चाल सी. व्ही. रामन यांनी १९१८ च्या प्रबंधात गणिताने मांडली. ब्रेकमध्ये गजाच्या जागी पॅड असतो आणि तारेच्या जागी डिस्क.

ब्रेकमध्ये मात्र गुंता आणखी वाढतो. पितळी परातीला असतात तसे डिस्कला स्वतःचे स्वर असतात. पॅडला आणि कॅलिपरलाही असतात. त्यातले दोन स्वर एकमेकांच्या जवळ आले, की घर्षण त्यांची सांगड घालतं आणि फिरत्या चाकाची ऊर्जा दर हेलकाव्याला त्यात ओतत राहतं. डिस्क इतकी कमी लवते की डोळ्याला दिसत नाही, पण तिचा सगळा पृष्ठभाग हवा हलवतो. ही किंकाळी बऱ्याचदा २००० ते ५००० हर्ट्झच्या आसपास असते, आणि आपला कान नेमका तिथेच सगळ्यात तिखट असतो. पॅड जरासा झिजला, हवा दमट झाली, तरी स्वर सरकतात. चार दिवसांच्या शांततेचं रहस्य हेच.

हे दुखणं डिस्क ब्रेकइतकंच जुनं आहे. इंग्रज मोटार-अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये पेटंट घेतलेल्या डिस्क ब्रेकला तांब्याचं अस्तर होतं, आणि ते भयंकर किंचाळायचं.

डिस्क बिडाची का करतात, हे शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत पाहावं. पोलादाच्या सळईवर हातोडी मारली तर ती खणखणते, बिडाच्या तुकड्यावर मारली तर 'थड्' वाजून गप्प. बिडात ग्रॅफाइटचे पापुद्रे विखुरलेले असतात. ते कंपनं गिळतात. मला या धातूचं फार अप्रूप आहे. तरीही एकटं बीड पुरत नाही, उरलेलं काम पत्री करते.

वाजत्या घंटेला तळहात लावला की ती थांबते, कारण मऊ कातडी कंपनाची ऊर्जा शोषून तिची उष्णता करते. नव्या धाटणीच्या शिममध्ये पोलादाच्या दोन थरांमध्ये रबरासारखा थर असतो, तो हेच करतो. स्पिटफायरची जुनी पत्री नुसत्या पोलादाची, पण तिला खाच आणि बाण असतो. खाचेमुळे पिस्टनचा दाब पॅडच्या ऐन मध्यावर न पडता किंचित मागच्या कडेकडे सरकतो आणि डिस्क जिथून आत शिरते ती पॅडची कड रुतत नाही. बाण गाडी पुढे जाताना चाक फिरतं त्या दिशेला हवा. उलटा बसला तर फायदाच उलटा होतो.

मिस्त्रींनी आधी जुनी धूळ ओल्या फडक्याने पुसली. फुंकर मारली नाही, हवेचा पाइपही नाही. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते फुफ्फुसात कायमचं बसतं. पिस्टन मागे दाबताना वरच्या टाकीवर एक डोळा ठेवला, कारण ब्रेक ऑइल उतू गेलं तर रंग खातं. पत्रीच्या दोन्ही अंगांना ब्रेकसाठीच्या खास ग्रीसचा पुसट हात दिला. साधं ग्रीस इथे चालत नाही. दोन माणसांसह ९०० किलोची गाडी नुसत्या ब्रेकवर १०० मीटर खाली उतरवली, तर जवळजवळ पावणेतीन लिटर पाणी उकळीला येईल एवढी उष्णता निघते. साधं ग्रीस वितळून पॅडवर ओघळेल, शिवाय खनिज तेलाने पिस्टनभोवतीच्या सीलचं रबर फुगतं. पॅड जागेवर धरणाऱ्या पिना नव्या घातल्या. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबून घेतलं. हे विसरलं तर पहिल्यांदा पाय थेट तळाला जातो.

परवा मामांसोबत पुन्हा पन्हाळ्याहून उतरलो. वाघबीळच्या वळणावर ब्रेक लागला तेव्हा पॅड डिस्कवर घासून बसतानाची हलकी खसखस तेवढी ऐकू आली. मामांनी पुढच्या वळणावर, गरज नसताना, पुन्हा एकदा ब्रेक दाबून पाहिला.