जिम्नीचा छोटा दांडा : एका प्रश्नाची पार्श्वभूमी

"जिम्नी घेऊ का?" हा प्रश्न मारुती सुझुकीच्या या छोट्या फोर बाय फोर गाडीची किंमत ७ जून २०२३ रोजी जाहीर झाली त्या दिवसापासून विचारला जातोय. १२.७४ लाखांपासून १५.०५ लाखांपर्यंत, एक्स-शोरूम. उत्तर देणाऱ्यांचे लगेच दोन तट पडतात. एक जण डिकी मोजतो (मागची सीट उभी असताना २०८ लिटर), मागे दोघंच बसतात हे दाखवतो आणि याच पैशांत मिळणाऱ्या ऐसपैस गाड्यांची नावं घेतो. दुसरा ओढ्यातून वर चढणाऱ्या जिम्नीचा व्हिडिओ पाठवतो. दोघांचंही खरं असतं. पण पहिला तिला शहरातल्या एसयूव्हींच्या रांगेत उभी करतो आणि दुसरा मारुतीच्याच जुन्या जिप्सीच्या शेजारी. या दोन रांगा फार आधीपासून वेगळ्या आहेत, आणि वाद अडकतो तो तिथेच.

जिम्नीचा जन्म १९७० चा. जपानमध्ये करात सवलत मिळणाऱ्या चिमुकल्या गाड्यांना तेव्हा ३६० सीसी आणि तीन मीटर लांबी ही मर्यादा होती. सुझुकीने एका छोट्या कंपनीकडून चारचाकी-ओढीच्या गाडीचे हक्क विकत घेतले, त्यात आपलं ३५९ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन बसवलं आणि स्टेपनी आत, सीटच्या मागे ठेवली. लांबी तीन मीटरच्या आत बसली. ताकद २५ अश्वशक्ती. शिडीसारख्या चॅसिसवरची, वजनाला हलकी, डोंगरात आणि बर्फात राहणाऱ्याला परवडेल अशी गाडी, एवढंच तिचं काम. पुढे इंजिनं मोठी होत गेली. आपल्याकडे आली ती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची पिढी, लांब व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) असलेली, आणि नाव मिळालं जिप्सी.

डिसेंबर १९८५. ९७० सीसी, ४५ अश्वशक्ती, चार गिअर आणि मुख्य गिअरच्या शेजारी, चारही चाकांना ताकद जोडणारा एक छोटा दांडा. त्या काळात गावोगावी धावणारी जीप डिझेलवर चालायची, जिप्सी पेट्रोलवर. त्यामुळे बागायतदाराने तिच्याकडे पाहिलं नाही, वडापवाल्याने तर नाहीच. तिचा ॲव्हरेज त्यांना परवडणारा नव्हता. ज्यांना पेट्रोलचं बिल स्वतःच्या खिशातून भरायचं नव्हतं त्यांच्याकडे ती गेली: लष्कर, पोलीस, सरकारी खाती. म्हणून आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर जिप्सी येते ती एक तर हिरव्या रंगात किंवा वर दिवा लावलेली. १९९३ मध्ये डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर वाढलं. १९९६ मध्ये १.३ लिटरचं ६० अश्वशक्तीचं इंजिन आणि 'किंग' हे नाव आलं, २००० च्या सुमारास इंजेक्शनचं इंजिन येऊन ताकद ८० वर गेली. चारही चाकांवरच्या स्प्रिंगचे पाटे मात्र शेवटपर्यंत तेच राहिले. मागच्या आडव्या बाकावर बसून ज्याने कच्च्या रस्त्यावर तासभर प्रवास केलाय, त्याला हे वेगळं सांगायला नको.

जुन्या जिप्सीत फोर बाय फोर लावायचं म्हणजे खाली उतरावं लागे. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक चकती असायची. ती 'फ्री'वरून 'लॉक'वर फिरवायची, मग आत येऊन छोटा दांडा ओढायचा. गाडी रुतल्यावर हे सुचलं तर हात कोपरापर्यंत चिखलात. म्हणून जाणते ड्रायव्हर डांबरी संपते तिथेच, कोरड्यात उतरून चकत्या फिरवून घेत. जिम्नीत हे काम आपोआप होतं, दांडा मात्र तिथेच आहे.

विदर्भात जिप्सीला आणखी एक आयुष्य मिळालं. ताडोब्यात, पेंचमध्ये सफारीच्या उघड्या गाडीला सरसकट 'जिप्सी' म्हणतात. गाडी दुसऱ्या कंपनीची असली तरी 'आमच्या जिप्सीला वाघ दिसला' असंच सांगितलं जातं. एवढं नाव कमावलेली गाडी बंद पडली ती नियमांपुढे. एबीएस, एअरबॅग आणि अपघात-चाचणीचे नियम २०१९ मध्ये एकापाठोपाठ लागू होणार होते, आणि ऐंशीच्या दशकातल्या बांधणीला ते झेपणारे नव्हते. त्या वर्षीच सामान्य ग्राहकासाठी जिप्सी संपली. लष्कराला सूट मिळाली आणि त्यांच्यासाठी ती पुढेही बनत राहिली.

आता ज्या शब्दामुळे बरेच जण चुकीची गाडी घेऊन बसतात, तो शब्द.

आपण 'फोर बाय फोर', 'फोर व्हील ड्राइव्ह' आणि 'ऑल व्हील ड्राइव्ह' हे एकच समजून वापरतो. तिन्हींत इंजिनाची ताकद चारही चाकांना जाऊ शकते, त्यामुळे शब्दशः चूक काही नाही. फरक आहे तो पुढचा आणि मागचा ॲक्सल (दोन चाकं जोडणारी आस) एकमेकांना कसे जोडलेत यात.

गाडी वळते तेव्हा पुढची चाकं बाहेरून मोठा वळसा घेतात, मागची आतून कापून येतात. म्हणजे दोन्ही ॲक्सलना वेगवेगळं अंतर चालावं लागतं. जिप्सीत, जिम्नीत, महिंद्राच्या थारच्या फोर बाय फोरमध्ये छोटा दांडा फोरमध्ये टाकला की दोन्ही ॲक्सल एकमेकांना जखडले जातात आणि दोघांना सारखंच फिरावं लागतं. चिखलात, वाळूत, सुट्या मुरुमावर ही तफावत चाक थोडं घसरून भरून काढतं. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही. मग तो पीळ शाफ्टमध्ये आणि गिअरांत साठत जातो.

हे एकदा स्वतःच्या हाताला जाणवलं की विसरत नाही. कोरड्या फरशीच्या पार्किंगमध्ये फोर-एचमध्ये (चारही चाकं, नेहमीचा वेग) स्टेअरिंग पूर्ण कापून गाडी हळू वळवली, तर कुणी मागून धरून ठेवल्यासारखी ती अडखळते. टायर करकरतात. मग दांडा टू-एचकडे (फक्त मागची चाकं) ढकलावा तर जागचा हलत नाही. चार-पाच फूट सरळ मागे घेतली की पीळ सुटतो आणि दांडा अलगद निघून येतो. नवा मालक याला बिघाड समजून सर्व्हिस सेंटर गाठतो. बिघाड नसतो, डांबरावर फोरमध्ये गाडी चालवायचीच नसते, हे गाडी विकताना कुणी त्याला सांगितलेलं नसतं.

ऑल व्हील ड्राइव्हची रांग दुसरी. तिथे दांडा नसतो, फार तर एक गोल नॉब असतो. मूळ गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, मोनोकॉक म्हणजे वेगळी चॅसिस नसलेल्या बांधणीची. मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या शाफ्टवर एक क्लच बसवलेला असतो. पुढचं चाक निसटू लागलं की तो आवळतो आणि ताकद मागे पाठवतो, गरज संपली की सैल होतो. चालकाला काही करावं लागत नाही, आणि डांबरावर पीळही बसत नाही. परवडणाऱ्या किमतीत ही पद्धत आपल्याकडे ठळकपणे दिसली ती २०१४ च्या रेनो डस्टरमध्ये. टू व्हील, ऑटो, लॉक असा नॉब, पहिला गिअर मुद्दाम बुटका, पण लो रेंज, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारी जास्तीची गिअर-जोडी, नाही. जपानमध्ये तर स्विफ्टसुद्धा चारही चाकांची मिळते, कारण तिथे घरासमोर बर्फ पडतो. आपल्याकडे ती तशी कधी आली नाही.

गोंधळ पक्का झाला २०२२-२३ मध्ये. एकाच शोरूममध्ये, 'ऑलग्रिप' या एकाच नावाखाली दोन गाड्या उभ्या राहिल्या. ग्रँड विटारावर 'ऑलग्रिप सिलेक्ट', म्हणजे क्लचवाली, नॉबवाली ऑल व्हील ड्राइव्ह. जिम्नीवर 'ऑलग्रिप प्रो', म्हणजे दांडा, ट्रान्सफर केस (ताकद दोन्ही ॲक्सलना पोचवणारी गिअरपेटी), लो रेंज. शेवटचा एक शब्द सोडला तर नाव सारखं, काम मात्र वेगळं. माझ्या मते हे नामकरण ग्राहकाच्या हिताचं नव्हतं. एका नावाची दोन यंत्रं विकताना निदान विक्रेत्याने तरी फरक समजावून द्यायला हवा होता.

याचा परिणाम आपल्या रस्त्यांवर काय होतो ते बघा. पावसाळ्यात ताम्हिणी किंवा आंबोली चढताना 'चारही चाकं असली की सुरक्षित' म्हणून कुणी जिम्नी घेतली, तर त्याला हवी होती ती गोष्ट मिळालेली नाही. ओलं असलं तरी ते डांबरच. तिथे जिम्नी टू-एचमध्ये चालवायची, आणि टू-एचमध्ये जिम्नी ही मागच्या चाकांनी ढकलली जाणारी गाडी आहे. घाटात तिला सावरते ती ईएसपी, म्हणजे घसरती गाडी ब्रेक लावून सरळ ठेवणारी यंत्रणा, जी आता हॅचबॅकमध्येही मिळते. उलट ज्याच्या घराआधीचा शेवटचा टप्पा जांभ्याच्या उभ्या चढणीचा आहे, ज्याची बाग पाणंदीच्या टोकाला आहे, त्याला क्लचवाल्या गाडीचा उपयोग मर्यादित. त्याला लो रेंज लागते. जिम्नीत दांडा फोर-एलमध्ये टाकला की वेग निम्मा होतो आणि चाकावरचा जोर दुप्पट. दगडावरून गाडी माणसाच्या चालीने, ॲक्सिलरेटरला पाय न लावता उतरते. १,२०० किलोच्या आसपास वजन आणि २१० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स हेही तिथे कामी येतं. जड गाडी जिथे खाली बसते तिथून ही निघते.

दारांचा वाद यापेक्षा अलीकडचा. चौथ्या पिढीची तीन दारी जिम्नी जपानमध्ये २०१८ च्या जुलैत आली. त्याच वर्षी युरोपातल्या अपघात-चाचणीत तिला पाचपैकी तीन तारे मिळाले, हे घेणाऱ्याने माहीत करून ठेवावं. २०२० च्या ऑटो एक्स्पोत ती आपल्याकडे मांडली गेली, २०२१ च्या जानेवारीपासून भारतात बनून परदेशी जाऊ लागली, पण इथे विकली गेली नाही. विक्रीला आली ती जानेवारी २०२३ मध्ये दाखवलेली पाच दारी. व्हीलबेस २,२५० वरून २,५९० मिलिमीटर, म्हणजे ३४० ने वाढला. वळायची त्रिज्या ४.९ मीटरवरून ५.७ वर गेली, आणि उंचवट्यावर पोट टेकायचा कोन २८ वरून २४ अंशांवर आला. इंजिन तेच, १,४६२ सीसी, १०५ अश्वशक्ती; ऑटोमॅटिक घेतली तर चारच गिअर. हट्टी चाहते यावर नाराज झाले. पण मागच्या सीटवर आई-वडिलांना चढवायचं असेल तर तीन दारं हा आपल्या घरांत न चालणारा हिशेब आहे, आणि कंपनीने तो ओळखला यात गैर काही दिसत नाही.

त्याहून मोठी खळबळ वेगळ्याच गोष्टीची व्हायला हवी होती. जिम्नीचं टू व्हील मॉडेल काढलंच नाही. २०२३ च्याच जानेवारीत थार फक्त मागच्या चाकांची होऊन ९.९९ लाखांना आली. दिसायला तीच, पुढची चाकं मोकळी. खप त्या वाटेने गेला. जिम्नी मात्र सगळ्यात खालच्या मॉडेललाही लो रेंज आणि सहा एअरबॅग घेऊन उभी राहिली. धंद्याच्या दृष्टीने हे महागात पडलं असेल, पण नावाला जागणारी गाडी विकणं यालाही किंमत आहे आणि ती मी तरी कमी लेखणार नाही.

पुढचं सगळ्यांनी पाहिलं. पहिल्या काही महिन्यांत विक्री तीन हजारांच्या घरात होती, मग घसरली. २०२३ च्या डिसेंबरात 'थंडर' आवृत्ती १०.७४ लाखांपासून देऊ केली गेली, आणि जूनमध्ये पूर्ण किमतीला गाडी काढलेल्यांच्या मनाला ते लागलं. इथे शोरूममध्ये सूट जाहीर होत असतानाच परदेशी मागणी वाढत होती. ३० जानेवारी २०२५ ला हीच भारतात बनलेली पाच दारी जपानमध्ये 'नोमाद' नावाने आली. महिन्याला १,२०० विकायचा बेत होता. चार दिवसांत ५० हजारांच्या आसपास नोंदण्या झाल्या आणि ३ फेब्रुवारीला बुकिंग थांबवावं लागलं. तिथल्या ग्राहकाला छोटा दांडा कशासाठी असतो हे पन्नास वर्षांपासून माहीत आहे.

एवढीशी जिम्नी एवढी महाग का, हे कोडं सुटतं ते 'छोटी' या शब्दाशी. २००६ च्या अर्थसंकल्पाने छोट्या गाडीची व्याख्या केली: लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीच्या आत. अबकारी कर २४ वरून १६ टक्के झाला आणि तेव्हापासून आपल्याकडे गाड्या चार मीटरला कापल्या जाऊ लागल्या. जिम्नी स्टेपनीसह ३,९८५ मिलिमीटर, म्हणजे लांबीत बसते. इंजिनात बसत नाही. जीएसटी आल्यावरही हीच रेघ कायम राहिली. बाराशे सीसीच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाडीला सेससकट २९ टक्के, जिम्नीला ४५. म्हणून शेजारच्या गाडीशी किमतीची तुलना करताना करातला फरक आधी वजा करायला हवा. तो इंजिनाच्या २६२ सीसींचा आहे, दांड्याचा किंवा ट्रान्सफर केसचा नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले: छोट्या गाडीला १८, बाकीच्यांना ४०. जिम्नीची किंमत उतरली, पण छोट्या गाडीपासूनचं तिचं करातलं अंतर १६ टक्क्यांवरून २२ वर गेलं.